कोंड्याचा मांडा करणारा शास्त्रज्ञ

कोंड्याचा मांडा करणे हा वाक्प्रचार आपण सर्वांनी ऐकलेला आहे. घरात धान्याची टंचाई असता जी गृहिणी उरल्यासुरल्या कोंड्यातूनही घरच्या माणसांचे समाधान होईल असे काही रांधते, तिच्या कौतुकासाठी तो योजला जातो. कोंडा म्हणजे हलका, टाकाऊ पदार्थ आणि मांडा म्हणजे पक्वान्न, हे त्यात गृहीत धरलेले असते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर एका डच डॉक्टराने कोंबड्या पाळून असे दाखवून दिले की, ज्या कोंड्याला आपण टाकाऊ समजतो त्यातच प्राणरक्षक असे काही दडलेले आहे. त्या डॉक्टराचे नाव क्रिस्तियान आइकमान. त्यांचे चरित्र मी येथे थोडक्यात सांगणार आहे.

डच लोक सुरतकरांना अपरिचित नाहीत. सतराव्या शतकात त्यांच्या व्यापारी कंपनीची वखार आपल्या या शहरात होती. कतारगाम दरवाज्याच्या परिसरातील जुन्या डच स्मशानभूमीत हेंड्रिक व्हान रेडे यांची भव्य समाधी आजही उभी आहे. मलबारातील वनस्पतींविषयी ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्यांनी सिद्ध करविला आणि त्या कामी रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी त्यांना मोलाचे साहाय्य केले. १६९१ साली सुरतेस येत असता व्हान रेडे समुद्रातच निवर्तले आणि त्यांचा देह येथे आणून पुरण्यात आला. याच डच कंपनीचे आशियातील मुख्य ठाणे जावा बेटावरील बटेव्हिया हे होते. त्या शहरास आज जकार्ता म्हणतात. आइकमान यांची कर्मभूमी हीच. मात्र ते तेथे गेले तेव्हा कंपनी बुडून कितीतरी वर्षे लोटली होती आणि त्या बेटांवर डच सरकारचे राज्य चालू होते.

आइकमान यांचा जन्म ११ ऑगस्ट १८५८ रोजी हॉलंडमधील नायकेर्क या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते आणि क्रिस्तियान हे त्यांचे सातवे अपत्य. पुढच्याच वर्षी वडिलांची नेमणूक झानदाम येथे नव्याने निघालेल्या शाळेवर झाली व सारे कुटुंब तिकडे गेले. मुलाचे प्रारंभीचे शिक्षण वडिलांच्याच शाळेत झाले. शिक्षकाच्या घरी संपत्ती बेताची असली तरी अभ्यासाची शिस्त असते. ती शिदोरी या मुलास जन्मभर पुरली.

१८७५ साली आइकमान अ‍ॅम्स्टरडॅम येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले. पूर्वेकडील डच बेटांवरील सैन्यासाठी डॉक्टर तयार करणे हा त्या विद्यालयाचा हेतू होता. सर्व परीक्षा त्यांनी विशेष गुणवत्तेने पार पाडल्या. शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकांजवळ दोन वर्षे साहाय्यक म्हणून काम करीत असता मज्जातंतूंविषयी त्यांनी प्रबंध लिहिला व १८८३ साली डॉक्टरेटची पदवी मिळविली. मज्जातंतूंचा हा अभ्यास पुढे त्यांच्या किती उपयोगी पडणार होता, याची त्या वेळी कोणासच कल्पना नव्हती.

त्याच वर्षी विवाह करून ते जावास गेले. प्रथम सेमारंग, नंतर चिलाचाप आणि सुमात्रा बेटावरील एक दूरचे ठाणे अशा ठिकाणी त्यांनी नोकरी केली. चिलाचाप येथे हिवतापाने त्यांना असे गाठले की, प्रकृती खालावून १८८५ साली रजेवर मायदेशी परतावे लागले. १८८६ साली त्यांची पत्नीही वारली. अठ्ठावीस वर्षांच्या वयात शरीर खंगलेले, घर मोडलेले आणि अंगीकारलेली नोकरी अर्धवट राहिलेली, अशी त्यांची स्थिती झाली. सामान्य मनुष्य अशा वेळी खचून जातो. आइकमान यांनी मात्र आजारपणाची रजा विद्याभ्यासाकडे लावली. अ‍ॅम्स्टरडॅम व बर्लिन येथील प्रयोगशाळांत त्यांनी नव्या जंतुशास्त्राचे शिक्षण घेतले. बर्लिनला त्यांचे गुरू होते रॉबर्ट कॉख. क्षयाचे जंतू १८८२ साली शोधून काढणारे ते हेच थोर संशोधक.

त्या काळी जंतुशास्त्राचा मोठा बोलबाला होता. पाश्चर व कॉख यांनी एकामागून एक रोगांचे जंतू उजेडात आणले होते आणि प्रत्येक रोगाच्या मुळाशी कोणता तरी जंतू असलाच पाहिजे, अशी डॉक्टर मंडळींची दृढ समजूत होऊन बसली होती. अशा वेळी डच सरकारपुढे एक बिकट प्रश्न उभा होता. तो बेरीबेरीचा.

बेरीबेरी हा मज्जातंतूंचा रोग होय. प्रथम पाय जड होतात, बधिर होतात. मग चालता येईनासे होते. काहींच्या अंगावर सूज येते, छातीत धडधड होते आणि हृदय थकून रोगी दगावतो. भात हेच ज्यांचे मुख्य अन्न, त्या पूर्वेकडील देशांत तो फार दिवसांपासून ठाऊक होता. परंतु एकोणिसाव्या शतकात वाफेच्या गिरण्या आल्या, तांदूळ पांढराशुभ्र निघू लागला आणि तुरुंग, बराकी व जहाजे यांतून या रोगाने थैमान मांडले. सुमात्रेतील आचे प्रांतात डचांचे युद्ध चालू होते. तेथे शिपाई शत्रूच्या हत्याराने पडण्याआधी बेरीबेरीनेच आडवे होत. म्हणून १८८६ साली सरकारने पेकेलहारिंग व विंक्लर या दोन नामांकित डॉक्टरांचे मंडळ चौकशीसाठी जावास पाठविले. बर्लिन येथे या दोघांची आइकमान यांच्याशी गाठ पडली होती. त्यांनी या तरुणास साहाय्यक म्हणून बरोबर घेतले. ज्या भूमीने आरोग्य हिरावून घेतले होते त्याच भूमीकडे आइकमान पुन्हा निघाले.

मंडळाने सुमारे वर्षभर काम केले आणि बेरीबेरी हा जंतूंमुळे होणारा रोग असावा असा निष्कर्ष काढून १८८७ साली ते स्वदेशी परतले. पण बटेव्हियाच्या लष्करी रुग्णालयात उभारलेली प्रयोगशाळा कायम करावी, ही पेकेलहारिंग यांची सूचना सरकारने मान्य केली. जानेवारी १८८८ मध्ये आइकमान तिचे संचालक झाले. जावातील तरुणांना वैद्यकीचे शिक्षण देणाऱ्या विद्यालयाची धुराही त्यांच्यावर आली आणि तेथील विद्यार्थ्यांसाठी त्यांनी दोन पाठ्यपुस्तके लिहिली. त्याच वर्षी त्यांनी दुसरा विवाह केला व त्यांचा संसार पुन्हा उभा राहिला.

आता बेरीबेरीचा जंतू निश्चित पकडावयाचा, हे काम एकट्या आइकमान यांच्याकडे आले. प्रयोगासाठी त्यांनी कोंबड्या निवडल्या, कारण त्या स्वस्त आणि पुष्कळशा एकत्र पाळता येतात. काही कोंबड्यांना रोग्यांच्या शरीरातील द्रव्य टोचावयाचे, काही न टोचता तशाच ठेवावयाच्या आणि फरक पाहावयाचा, असा त्यांचा बेत होता.

१० जुलै १८८९ च्या सुमारास खुराड्यात रोग सुरू झाला. कोंबड्यांची चाल लटपटू लागली, पाय दुमडून त्या खाली बसू लागल्या. पुढे पंख व मान लुळी पडून त्या मरू लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे मज्जातंतू झिजलेले दिसले. हे सारे बेरीबेरीसारखेच होते! परंतु त्यात एक विलक्षण गोष्ट होती. टोचलेल्या आणि न टोचलेल्या अशा दोन्ही कोंबड्यांना रोग सारखाच झाला. सगळी जागाच जंतूंनी दूषित झाली असावी असा त्यांना संशय आला. तोच, नोव्हेंबरच्या अखेरीस रोग जसा आला तसा नाहीसा झाला. आजारी कोंबड्या बऱ्या झाल्या, नव्या आजारी पडेनात.

एखादा उतावळा संशोधक प्रयोग फसला म्हणून हळहळला असता. आइकमान यांनी मात्र कोंबड्या आजारी का पडल्या याइतकेच त्या बऱ्या का झाल्या हेही विचारले आणि चौकशीचा रोख त्यांच्या खाण्याकडे वळविला. तेव्हा एक क्षुल्लक वाटणारी हकीकत उघडकीस आली. प्रयोगशाळेचा रखवालदार काटकसरीसाठी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून शिल्लक राहिलेला पांढरा भात आणून कोंबड्यांना घालीत असे. १७ जूनपासून हा क्रम चालू होता. पुढे स्वयंपाकी बदलला. नव्या स्वयंपाक्याने लष्करी तांदळाचा भात बिनलष्करी कोंबड्यांना देण्याचे साफ नाकारले! त्यामुळे २७ नोव्हेंबरपासून त्यांच्या वाट्याला पुन्हा जाडाभरडा तांदूळ आला आणि त्या टुणटुणीत झाल्या. त्या स्वयंपाक्याचे नाव इतिहासाने नोंदवून ठेवलेले नाही. पण त्याच्या नियमनिष्ठेने वैद्यकशास्त्राचे केवढे काम केले!

योगायोग अनेकांच्या वाट्यास येतात. त्यांचे ज्ञानात रूपांतर करावयास मात्र वर्षानुवर्षांचे कष्ट लागतात. आइकमान यांनी कोंबड्यांचे गट पाडले व एकास गिरणीचा शुभ्र तांदूळ, दुसऱ्यास तांबूस सालीचा तांदूळ, अशी योजना केली. शुभ्र तांदळावरील कोंबड्या साधारण तीन-चार आठवड्यांत लुळ्या पडत. सालीच्या तांदळावरील निरोगी राहत. तांदूळ शिळा वा किडका असेल म्हणून त्यांनी ताजा सडलेला तांदूळ घेतला, तरी परिणाम तोच झाला. साबुदाणा व टॅपिओका या पिठूळ पदार्थांनीही कोंबड्या आजारी पडल्या. शेवटी शुभ्र तांदळातून काढून टाकलेला कोंडा त्याच तांदळात परत मिसळताच रोग टळला. इतकेच नव्हे, तर लुळी पडलेली कोंबडी कोंडा मिळताच पुन्हा पायांवर उभी राहू लागली.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. भाताच्या दाण्यावरचे बाहेरचे टणक आवरण ते तूस. ते खाण्याजोगे नसते. तूस काढल्यावर दाण्याला चिकटलेली जी पातळ तांबूस साल व कोंब असतो, तो सडताना भुकटी होऊन निघतो, तोच कोंडा. माणसाने पांढरेपणाच्या हौसेने जे काढून टाकले, त्याच्याच अभावी तो मरत होता!

आता आइकमान यांच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद भागाकडे येऊ. त्यांची निरीक्षणे अचूक होती, पण त्यांचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला. कोंबडीच्या पोटात पिठूळ अन्न आंबून त्यातून मज्जातंतूंना मारक असे विष तयार होत असावे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा असावा, असा त्यांनी तर्क केला. कॉखच्या शिष्याला रोगाचे कारण म्हणून कोणते तरी विष वा जंतू दिसणे स्वाभाविक होते. काही तरी असल्यामुळे रोग होतो, एवढेच त्या काळच्या शास्त्राला ठाऊक होते. काही तरी नसल्यामुळेही रोग होऊ शकतो, ही कल्पना अद्याप जन्मावयाची होती.

तर्क चुकला तरी कोंबड्यांनी दिलेली साक्ष खरी होती आणि ती माणसांच्या बाबतीत पडताळून पाहावी असे आइकमान यांना वाटत होते. जावाच्या आरोग्य खात्याचे निरीक्षक अडोल्फ वोर्डरमन यांनी ते काम हाती घेतले. त्यांनी १०१ तुरुंगांची पाहणी केली. त्यांत सुमारे २ लाख ८० हजार कैद्यांचा हिशेब आला. जेथे शुभ्र तांदूळ दिला जाई तेथे दर ३९ कैद्यांमागे एकास बेरीबेरी झाली होती. जेथे सालीचा तांदूळ मिळे तेथे १०,००० मागे एकास. इतका ढळढळीत पुरावा असूनही पुष्कळ डॉक्टरांनी अविश्वास दाखविला आणि पांढऱ्या भाताने माणसे पुढेही अनेक वर्षे मरत राहिली. सत्य सापडणे व ते समाजाने स्वीकारणे यांत किती अंतर असते, ते यावरून कळून येते.

१८९६ साली प्रकृतीने पुन्हा असहकार केल्याने आइकमान हॉलंडला परतले. त्यांच्या जागी काम करणाऱ्या गेरिट ग्राइन्स यांनी प्रयोग पुढे नेले. नुसत्या कोंड्यानेच नव्हे, तर मुगानेही कोंबड्यांचा रोग टळतो, असे त्यांना आढळले. १९०१ साली त्यांनी प्रतिपादन केले की, येथे विषाचा प्रश्नच नाही. मज्जातंतूंच्या पोषणास आवश्यक असे एखादे द्रव्य शुभ्र तांदळात नसते, म्हणून रोग होतो. स्वतःच्या प्रयोगशाळेतूनच स्वतःच्या मताविरुद्ध निघालेला हा निष्कर्ष होता. जुने मत सोडणे आइकमान यांना सोपे गेले नाही. परंतु पुरावा साठत गेला तसतसे ते त्या दिशेने वळले. आपल्या मतापेक्षा वस्तुस्थिती मोठी मानणे हे शास्त्रज्ञाचे शील होय, आणि ते त्यांच्या ठायी होते.

१८९८ साली ते उट्रेख्त विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२८ पर्यंत त्यांनी अध्यापन केले. पिण्याचे पाणी, घरबांधणी, शाळांतील मुलांचे आरोग्य, शारीरिक शिक्षण अशा विषयांत त्यांनी लक्ष घातले. क्षय व मद्यपान यांविरुद्धच्या कार्यात भाग घेतला. किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, हा त्यांच्या आवडीचा विषय होता. जावात असता तांदूळ व काकवी आंबवून केल्या जाणाऱ्या अरक नावाच्या मद्याच्या किण्वनाचा त्यांनी अभ्यास केला होता. पुढे १९०४ साली पाण्यात विष्ठेतील जंतू मिसळले आहेत की नाहीत हे किण्वनावरूनच ओळखण्याची कसोटी त्यांनी काढली. ४६ अंश उष्णतेतही साखर आंबवू शकणारे जंतू पाण्यात आढळले, तर ते पाणी दूषित समजावे, असे तिचे तत्त्व आहे.

इकडे कोंड्यातील त्या अज्ञात द्रव्याचा शोध जगभर सुरू झाला होता. १९१२ साली काझिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना ‘व्हिटॅमिन’ या नावाने संबोधिले. त्यालाच आपण जीवनसत्त्व म्हणतो. १९२६ साली बटेव्हियाच्या त्याच प्रयोगशाळेत यान्सेन व दोनाथ यांनी भाताच्या कोंड्यातून त्याचे शुद्ध स्फटिक मिळविले. पुढे १९३६ साली रॉबर्ट विल्यम्स यांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. हे विल्यम्स आपल्याच देशात, नेल्लोर येथे जन्मले होते. आज ते द्रव्य ब-१ जीवनसत्त्व किंवा थायमिन म्हणून ओळखले जाते.

१९२९ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आइकमान व इंग्लंडचे हॉपकिन्स यांना विभागून देण्यात आले. ग्राइन्स यांच्या वाट्यास तो मान आला नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. आइकमान त्या वेळी इतके आजारी होते की, पारितोषिक स्वीकारण्यास स्टॉकहोमला जाणेही त्यांना शक्य झाले नाही. दीर्घ आजारानंतर ५ नोव्हेंबर १९३० रोजी उट्रेख्त येथे त्यांचा अंत झाला. १९३८ साली बटेव्हियाच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. डच राज्य गेले, इंडोनेशिया स्वतंत्र झाला, तरी त्या स्वतंत्र देशानेही १९९० नंतरच्या दशकात ती संस्था त्याच नावाने पुन्हा सुरू केली. २०२१ साली ती तेथील राष्ट्रीय संशोधन संस्थेत विलीन झाली.

विद्यार्थी मित्रहो, ही कथा संपली असे मात्र समजू नका. आइकमान यांच्या कोंबड्यांनी जे शिकविले ते आज कोंबड्या पाळणाऱ्यांच्याच उपयोगी पडत आहे. सुरतेच्या पूर्वेकडील भातशेतीच्या मुलखात घरोघरी गावठी कोंबड्या असतात. आपल्यापैकी अनेकांच्या मूळ गावाच्या वाटेवर असलेल्या नवापुरात तर कुक्कुटपालनाचा मोठा धंदा आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीस दिवसाकाठी सुमारे ११० ग्रॅम खाद्य लागते आणि धंद्यातला मोठा खर्च या खाद्याचाच असतो. म्हणून भाताचा कोंडा, डाळींची चुनी, तेलबियांची पेंड, धान्यापासून मद्य काढल्यावर उरलेला चोथा अशा उपपदार्थांचा उपयोग खाद्यात करतात. कोंबडीच्या पोटात जी जीवनसत्त्वे जातील तीच अंड्यात उतरतील. कोंबडी उपाशी तर अंडेही उपाशी.

पण कोंड्यात काही दोषही आहेत. त्यात तेल असते व ते लवकर खवट होते. त्यातील बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लात असा अडकलेला असतो की, कोंबडीला तो पचविता येत नाही. येथे किण्वन कामास येते. आइकमान यांनी ज्या आंबण्याच्या क्रियेवर रोगाचा ठपका ठेवला होता, तीच क्रिया पोटाबाहेर नीट घडवून आणली असता कोंड्याचे मोल वाढविते! आपल्या घरी आंबोळीचे वा इडलीचे पीठ आंबविताना जे घडते तेच येथे घडते. ताजा कोंडा पाण्यात भिजवून सैलसर झाकून ठेवला की, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू त्यात वाढतात. आंबटपणा वाढल्याने पुष्कळ रोगजंतूंना तेथे जगता येत नाही. अडकलेला फॉस्फरस काही अंशी मोकळा होतो, आणि यीस्ट वाढल्यास ब गटातील जीवनसत्त्वांतही भर पडते.

तथापि आंबणे आणि सडणे यांतील भेद ओळखता आला पाहिजे. नीट आंबलेल्या खाद्यास ताकासारखा स्वच्छ आंबूस वास येतो. कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर ते खाद्य निःसंकोच फेकून द्यावे. बुरशीचे विष किती भयंकर असते, ते १९६० साली इंग्लंडमध्ये दिसून आले; बुरशी चढलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे तेथे सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओले खाद्य लवकर बिघडते, म्हणून ते त्याच दिवशी संपेल इतकेच घालावे. शिवाय कोंडा कितीही गुणी असला तरी तो एकटा पुरत नाही. अंड्याच्या कवचासाठी कोंबडीस चुनखडी वा शिंपल्यांची भुकटी लागते, आणि प्रथिनांसाठी पेंड लागते. तांदूळ एकटा पुरत नाही हे ज्या कोंबडीने शिकविले, तिला कोंडा एकटा घालणे हा तिच्यावर अन्यायच ठरेल.

तसेच, कोंबड्यांचा प्रत्येक रोग खाद्यामुळेच होतो असेही नव्हे. २००६ साली नवापुरात बर्ड फ्ल्यूचा प्रादुर्भाव झाला, तो विषाणूंमुळे. कॉख यांनी दाखविलेली वाट आणि आइकमान यांच्या कोंबड्यांनी दाखविलेली वाट, या दोन्ही खऱ्या आहेत. एका रोगात नको ते शरीरात शिरलेले असते, दुसऱ्यात हवे ते शरीराला मिळालेले नसते. वैद्याने व शेतकऱ्याने दोन्हीकडे डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

माणसांच्या आहारासही हा धडा लागू आहे. कोकणात व दक्षिणेत उकड्या तांदळाचा जो प्रघात आहे, त्याचे महत्त्व आता कळते. भात भिजवून उकडला म्हणजे कोंड्यातील जीवनसत्त्व दाण्यात मुरते आणि नंतर सडला तरी त्याचा बराच अंश टिकून राहतो. आपल्या पूर्वजांना थायमिन हे नाव ठाऊक नव्हते. अनुभवाने सापडलेली रीत मात्र त्यांनी जपली. १९३४ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार हा त्याच्या कार्याचा एक भाग होता. तांदूळ फार वेळा धुणे व भातावरची पेज ओतून देणे यांतही हे जीवनसत्त्व वाहून जाते, कारण ते पाण्यात विरघळते. ही गोष्ट आज घरी जाऊन आईला सांगण्यासारखी आहे.

आइकमान यांच्यापाशी अफाट साधने नव्हती. एक लहानशी प्रयोगशाळा, काही कोंबड्या, नाजूक प्रकृती आणि अखंड जिज्ञासा एवढेच त्यांचे भांडवल होते. फसलेल्या प्रयोगाकडे त्यांनी पाठ फिरविली नाही. स्वयंपाकघरातील एक साधी घटना त्यांनी हलकी मानली नाही. आणि पुराव्यापुढे स्वतःचे मत त्यांनी अखेर बाजूला ठेवले. आपल्या हातूनही प्रयोगवहीत अपेक्षेविरुद्ध उत्तर येते तेव्हा ते खोडून पुस्तकातले उत्तर लिहिण्याचा मोह होतो. अशा वेळी बटेव्हियाच्या त्या लुळ्या पडलेल्या व पुन्हा उभ्या राहिलेल्या कोंबड्या आठवाव्या आणि आलेले उत्तर आहे तसेच लिहून ठेवावे. कोणी सांगावे, आज जे आपण कोंडा म्हणून झटकून टाकतो, उद्या त्यातूनच मांडा व्हावयाचा असेल!